धरून ठेवलेली जागा

"अंबाडा सोड," झडतीबाई म्हणाली.

साबण कारखान्याच्या फाटकापाशी उभी असलेली बायकांची रांग माना उंचावून बघायला लागली. सुटताना पिशवी उलटी करायची, डबा उघडायचा, चपला झटकायच्या, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं. पण चारचौघींसमोर केस सोडायला आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आणि सांगितलं ते नेमकं पॅकिंगमधल्या अंबाडेवालीला! आपल्या अंबाड्यात साबणाची अख्खी वडी मावेल, अशी थट्टा ती स्वतःच करायची.

अंबाडेवाली आधी हसली.

"अगं, खरंच सांगतेस?"

"खरंच. माझं काम आहे ते."

तिचं हसू मावळलं. तिने एकेक आकडा काढून मुठीत धरला. केस सुटले आणि त्यांच्यासोबत काळ्या गंगावणाचा गुंडा खाली पडला. साबण नव्हताच. होती ती विरळ, पांढरी शेपटी आणि फरशीवर पडलेले विकतचे केस. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. अंबाडेवालीने वाकून गंगावण उचललं, पिशवीत कोंबलं आणि मान खाली घालून बाहेर पडली.

झडतीबाईने पुढची पिशवी ओढून घेतली.

अंबाडा सोडायला लावण्याचं कारण काय होतं? तर जागा. ही अंबाडेवाली चर्चमध्ये दर रविवारी तिच्यासाठी जागा धरायची.

झडतीबाई कितीतरी वर्षं चर्चची पायरी चढली नव्हती. नवरा सोडून गेला तेव्हा तिने देवाशी बोलणंच टाकलं होतं. हल्ली धाकट्या बहिणीने फारच पिच्छा पुरवला म्हणून ती जायला लागली. पहिल्याच दिवशी दारात पाळकांनी तिचा हात हातात घेतला.

"या, या. देव तुमची वाट बघत होता."

"का? काय काम काढलंय त्याने माझ्याकडे?" ती फटकन म्हणाली. पाळक मनापासून हसले. हसणाऱ्या माणसाचा तिला आणखीनच संशय यायचा. आत गेली, तर अंबाडेवाली आपल्या शेजारच्या जागेवर हात ठेवून खुणावत होती.

"इकडे ये गं! तुझ्यासाठी धरलीय."

कारखान्यात जिच्याशी कुणी हवापाण्याच्या गप्पासुद्धा मारत नाही, तिच्यासाठी जागा? फाटकावर उगाच गोड बोलणारीच्या डब्यात वडी सापडते, हे तिने आयुष्यभर पाहिलं होतं. इथेही काहीतरी काळंबेरं असणारच. अंबाडेवालीला फाटकावर सूट हवी असेल, पाळकांना वर्गणी. आणि देवाला? तिथे मात्र तिचं गाडं अडायचं. देवाला आपण खरंच हव्या आहोत का, एवढंच तिला कळायला हवं होतं. त्यासाठी तर ती दर रविवारी जात होती. पण तिथे जो तो गोड बोलायचा, मग खरं कळावं कसं?

"ताई, आता देवाचीही पिशवी तपासणार का तू?" बहीण म्हणायची.

म्हणून तिने सोमवारी तो अंबाडा सोडायला लावला. गोडवा खोटा असेल तर एका फटक्यात उतरेल, असा तिचा हिशेब. आठवडाभर अंबाडेवाली वेणी घालून आली, पिशवी उघडून दाखवली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बघ, उतरला, असं झडतीबाईने स्वतःला सांगितलं. पण जिंकल्याचा आनंद काही होईना. जेवण जाईना.

रविवारी ती मुद्दामच उशिरा गेली. आत बसायचं नव्हतंच. दारातून एकदा बघायचं, ती जागा भरलेली असणार, आणि परत फिरायचं. मग हा विषय कायमचा संपला.

चर्च गच्च भरलं होतं. एक म्हातारी काठी टेकत अंबाडेवालीच्या बाकापाशी थांबली.

"कुणी बसलंय का गं इथे?"

"यायचंय एकीला. आजी, तुम्ही या अंगाला बसा, मी सरकते."

म्हातारीला तिने पलीकडे बसवलं. अलीकडची जागा तशीच राहिली. मग तिने दाराकडे पाहिलं आणि दोघींची नजरानजर झाली. अंबाडेवाली हसली नाही. जागेवरची पिशवी उचलून तिने मांडीवर घेतली.

झडतीबाई कशीबशी तिथवर पोचली.

"बस."

"माझ्यावर रागावली नाहीस?"

"रागावले नाही?" अंबाडेवाली दबक्या आवाजात म्हणाली. "तळपायाची आग मस्तकात गेलीय माझी. आठवडाभर तुला शिव्या घालतेय. आत्ताही मनातल्या मनात घालतच होते, इथे, चर्चमध्ये! तुझं तोंड बघायची इच्छा नाही मला."

"मग जागा कशाला धरलीस?"

"जागा काय माझ्या बापाची आहे?" तिने समोर क्रुसाकडे हनुवटी उडवली. "सोमवारपासून भांडतेय त्याच्याशी. म्हटलं, दुसरी कुणीही पाठव, ही नको. ऐकतच नाही. त्याला तूच हवीयेस. मी काय करू?"

झडतीबाई उभीच राहिली. सवयीने तिने त्या बोलण्याची झडती घेतली. वरून, खालून, कोपरान्कोपरा. आत काही लपवलेलं नव्हतं. इतक्या रागावलेल्या बाईला गोड बोलून मिळवायचं होतं तरी काय?

ती मटकन खाली बसली. तिच्या तोंडून नुसतंच "चुकलं माझं" निघालं.

"चुकलंच," अंबाडेवाली म्हणाली.

गाणं सुरू झालं. झडतीबाईला शब्द येत होते, लहानपणापासून पाठ होते, पण तोंड उघडेना. डोळे वाहायला लागले. पुसायचंही सुचेना.

अंबाडेवाली समोर बघत मोठ्याने गात होती. एक ओळ सोडून ती झडतीबाईकडे झुकली.

"रडू नकोस हं," ती वैतागून म्हणाली. "मग मला तुझ्याशी गोड बोलावं लागेल."