लहरीनाथांचा ऐंशीचा आकडा

मोशीच्या साईछाया सोसायटीत त्या रविवारी सोपानरावांच्या दोन खोल्यांत चाळीस माणसं कोंबली होती. आत न मावलेली जिन्यात उभी राहून आतल्यांकडून खबर घेत होती. लहरीनाथ महाराज आले होते आणि इंटरनेटला झालेली बाधा उतरवत होते.

महाराजांनी आधी आतल्या खोलीत जाऊन, दार ओढून घेऊन आपल्या फोनवर वेग मोजला. शंभराचा प्लॅन घेतलेल्या घरात आकडा आला नऊ. मग त्यांनी फ्रिजमागे जमिनीवर, विणलेल्या रुमालाखाली पडलेला राउटर बाहेर काढला, पाच मिनिटं बंद ठेवून त्याला मौन पाळायला लावलं आणि हॉलच्या मधोमध उंच स्टुलावर बसवला. जमलेल्या सगळ्यांचे फोन बंद करून परातीत ठेवायला लावले. टीव्हीही बंद झाला.

"विश्व म्हणजे लहर," महाराज म्हणाले. "सागरात लहर, मनात लहर, राउटरात लहर. लहर अडते कुठे? संशयात अडते."

एवढं बोलून त्यांनी कुंकू लावलेला तांब्याचा पत्रा, म्हणजे सिद्ध यंत्र, राउटरभोवती गुंडाळला आणि स्टुलाशेजारी उभं राहून पुन्हा मोजलं. ऐंशी! जिन्यापर्यंत आरोळी गेली. कुणी पेढे आणले, कुणी महाराजांच्या फोनच्याच पाया पडलं. सोसायटीचे चेअरमन गोरक्ष यांनी तिथल्या तिथे बुधवारची वेळ मागून घेतली.

आकुर्डीच्या कारखान्यात सोपानरावांनी तीस वर्षं तपासणी विभागात काढली होती. बुवाबाजीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, पण मोजलेल्या आकड्यावर होता, आणि आकडा त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता. एरवी बुवांची टिंगल करणारा हा माणूस त्या दिवशी मुकाट्याने पेढा खाऊन मोकळा झाला. त्यांच्या पत्नी सगुणाबाई तर हवेतच होत्या. महाराजांच्या सांगण्यावरून त्यांनी राउटर यंत्रासकट पुन्हा मूळ स्थानी, फ्रिजमागे, ठेवला.

नेट लगेच पुन्हा रांगायला लागलं. मंगळवारी सगुणाबाईंनी महाराजांना फोन लावला. महाराजांनी विचारलं, घरात लग्नाची मुलगी आहे का? होती. नात पुनम इंजिनिअर होऊन आजी-आजोबांकडे राहात होती. महाराजांनी निदान केलं: मुलीची लहर राउटरच्या लहरीला छेद देते, तिने अकरा दिवस नेटला शिवायचं नाही.

पुनमची गुरुवारी सकाळी ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षं ती चाकणच्या एका कंपनीत ट्रेनी म्हणून राबत होती आणि पहिल्यांदाच पक्क्या नोकरीसाठी बोलावणं आलं होतं. मैत्रिणीच्या घरून मुलाखत देते म्हणाली, तर सगुणाबाईंनी गळ्याची शपथ घातली. पुनम रडली नाही, भांडली नाही. ताटावरून उठून गेली. ते उष्टं ताट सोपानरावांनी उचलून झाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी सगुणाबाई भजनाला गेल्या तेव्हा ते टेबलाशी कागद घेऊन बसले. कारखान्यात एखादा माल बिघडला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. अशा वेळी त्यांचा एकच नियम असे: एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग मोजायचं. आणि महाराजांनी रविवारी काय केलं होतं? राउटर हलवला, बंद करून चालू केला, चाळीस फोन आणि टीव्ही थांबवले, मोजायची जागा बदलली आणि शेवटी यंत्र लावलं. पाच गोष्टी एका दमात, आणि श्रेय फक्त पाचवीला.

त्यांनी स्वतःच्या फोनवर, स्वयंपाकघरातल्या एकाच खुर्चीत बसून मोजायला सुरुवात केली. शपथेमुळे पुनम फोनला हात न लावता चार हातांवरून सांगत होती, "आजोबा, ते गोल बटण. नाही, त्याच्या खालचं." राउटर फ्रिजमागे, यंत्रासह: सात. फ्रिजमागे, यंत्राशिवाय: नऊ. हॉलमध्ये स्टुलावर, यंत्रासह: अडुसष्ट. स्टुलावर, यंत्राशिवाय: ब्याऐंशी. सोपानरावांनी तीनतीनदा मोजलं. मग आजोबा-नात दोघांना जे हसू फुटलं ते आवरेना.

सगुणाबाई परतल्यावर त्यांना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, तुमचं मोजण्यात काहीतरी चुकलं असणार. खरं असेल तर महाराजांसमोर मोजून दाखवा.

संध्याकाळी गोरक्षांच्या घरी तीच गर्दी, तीच परात. सगुणाबाई आणि पुनमही आल्या होत्या. गोरक्षांचा राउटर लोखंडी कपाटात कुलपात होता, मुलांनी हात लावू नये म्हणून. सोपानराव हात जोडून म्हणाले, "महाराज, आज राउटर हलवू नका. कपाटातच राहू द्या, नुसतं यंत्र लावा आणि वेग वाढवून दाखवा."

महाराज हसले. यंत्र परीक्षा देत नसतं, आणि संशयी माणसापुढे लहर अडते, असं त्यांनी बजावलं. लोक सोपानरावांवरच डाफरू लागले. तेवढ्यात सगुणाबाई उठल्या.

"महाराज, आकडा तुमीच दावता, तवा आमी हात जोडतो," त्या म्हणाल्या. "आता आमी आकडा मागतोय, तर न्हाई का म्हनता? माज्या नातीचा उद्याचा दिस ह्याच्यावर हाय."

मग कुणाचं काही चालेना. गोरक्षांनी स्वतः यंत्र लावलं, कपाट बंद केलं, मोजलं: सहा. नंतर नुसतं यंत्र काढून मोजलं: आठ. मग राउटर कपाटाच्या माथ्यावर ठेवला आणि त्याच जागी उभं राहून मोजलं: एकोणऐंशी. कोपऱ्यातून कुणीतरी खुदकन हसलं. महाराजांनी दुसरीकडे पूजा असल्याचं सांगून पिशवी उचलली.

सगुणाबाईंनी तिथेच शपथ सोडवली आणि पुनमला म्हणाल्या, "आता तू सांग समद्यांना." पुनमने सांगितलं. राउटरच्या लहरी खऱ्याच असतात, पण त्या लोखंडात, फ्रिजच्या पत्र्यात, जाड भिंतीत अडतात. तांब्याच्या पत्र्यातही अडतात, म्हणून यंत्र वेग वाढवत नव्हतं, उलट खात होतं. राउटर घराच्या मध्यावर, उंच आणि उघडा ठेवायचा. फार दिवस चालू असेल तर एकदा बंद करून लावायचा. एका वेळी चाळीस फोन जोडले तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं येणारच.

त्या संध्याकाळी साईछायात घराघरातून कपाटं सरकल्याचे आवाज येत होते. माणसं गॅलरीत येऊन एकमेकांना आकडे ओरडून सांगत होती, "आमचे चौसष्ट," "आमचे एक्क्याण्णव राव," आणि तिसऱ्या मजल्यावरच्या अंबूबाई, ज्यांच्याकडे नेटच नव्हतं, त्याही विचारत होत्या की आमचे किती.

गुरुवारी पुनमची मुलाखत पाऊण तास चालली. चित्र एकदाही थांबलं नाही. उत्तरं तिची तिनेच दिली आणि नोकरी तिची तिनेच मिळवली.

सोपानराव मात्र त्यानंतर भेटेल त्याला एकच सांगत. नेट हळू चाललं याचं आम्हाला काही नाही. पण आमच्या घरात एका पत्र्यावर विश्वास ठेवला गेला आणि सख्ख्या नातीला दोषी धरलं गेलं, आणि मी रविवारी पेढा खाऊन गप्प बसलो. घरातल्या माणसावर ठपका ठेवण्याआधी एकदा मोजून बघा. फार तर पाच मिनिटं लागतात.