चुन्याने जाळलेला तीळ

मी संस्कृतीच्या डाव्या खांद्यावरचा व्रण बोलतोय. व्रण ही माझी अलीकडची ओळख. त्याआधी तेवीस वर्षं मी तीळ होतो. मुगाच्या दाण्याएवढा, काळा, जरासा वर आलेला.

तिसगावात सूर्यभान आणि चांगुणाबाईंच्या घरी ही पोर जन्मली, तिच्याबरोबरच मी आलो. चांगुणाबाई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या आणि मला हळूच टिचकी मारायच्या. खांद्यावर तीळ म्हणजे पोर नाव काढणार, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. खोटं कशाला बोलू, मी जरा शेफारलोच होतो. पुढे शाळेच्या, एनसीसीच्या फॉर्मवर ‘ओळखीची खूण’ या रकान्यात माझीच नोंद व्हायची.

संस्कृतीला हवाई दलात वैमानिक व्हायचं होतं. एनसीसीच्या कॅम्पात ती एकदा छोट्या विमानातून वीस मिनिटं फिरून आली आणि मग तिचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना. दोनदा मुलाखतीतून परत आली, तिसऱ्या खेपेला निवड झाली. आता फक्त वैद्यकीय तपासणी राहिली होती. वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती.

आमच्याकडची भरतीला जाणारी पोरं तपासणीआधी स्वतःची डागडुजी करून घेतात. कानातला मळ काढतात, किडके दात भरतात. नगरच्या अकॅडमीतल्या बिभीषण सरांनीही सगळ्यांना बजावलं होतं, की अंगावर डाग नको, चामखीळ नको, उगाच बाहेर काढतात. संस्कृतीने हे घरी सांगितलं आणि चांगुणाबाई धास्तावल्या. इतकी वर्षं ज्याचं कौतुक केलं, तोच पोरीच्या आड येणार असं त्यांना वाटलं. आधी डॉक्टरला विचारावं, हे कुणाच्याच डोक्यात आलं नाही.

त्यांनी सूर्यभानच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला, त्यात खायचा सोडा कालवला आणि माझ्यावर थापला. असं चार दिवस. माहेरच्या कितीजणांच्या चामखिळी त्यांनी अशाच घालवल्या होत्या. संस्कृती दात आवळून बसायची. पाचव्या दिवशी मी खपली होऊन न्हाणीत गळलो आणि पाण्याबरोबर वाहून गेलो.

पण माझी जागा सुखासुखी भरेना. जखम चिघळली, आणि भरली तेव्हा तिथे लालसर, कडक गाठ उभी राहिली. तो हा मी.

तपासणीच्या डॉक्टरांनी फॉर्म वाचला, खांदा पाहिला आणि तीळ कुठे गेला ते विचारलं. तिने खरं ते सांगितलं. डॉक्टर माणूस चांगला होता, रागावला नाही. तीळ जागेवर असता, तर बहुतेक नोंद करून पुढे गेलो असतो, म्हणाला. रुग्णालयात काढला असता, तर त्या तुकड्याची तपासणी होऊन तो धोक्याचा नव्हता असा कागद तरी हाती असता. आता तो काय होता हे कळायला मार्ग नव्हता. शिवाय विमानात खांद्यावरून जो पट्टा आवळतात, तो नेमका माझ्यावरून जाणार होता.

सहा आठवड्यांची मुदत मिळाली. तिने नगरला जाऊन गाठ बसवायला माझ्यात दोनदा औषधाच्या सुया टोचून घेतल्या. मला बसायचं होतं हो, मनापासून बसायचं होतं. पण दुसऱ्या सुईनंतरही मी होतो तसाच राहिलो. फेरतपासणीत शेरा आला, उड्डाणासाठी अपात्र.

ती घरी आली तेव्हा चांगुणाबाई दारातच उभ्या होत्या.

“कशात काढलं गं?”

“डोळ्यांत. नंबर निघाला.”

“त्या तिळाचं काय म्हनले न्हाईत ना?”

“न्हाई. काढला ते बरं केलं म्हनले.”

चांगुणाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग पदर तोंडाला लावून रडल्या. पोरीने वाचून वाचून डोळे घालवले आणि आपल्याला वेळीच कळलं नाही, असं म्हणत राहिल्या. मी कुडत्याखाली नुसता ठणकत होतो. माझ्याइतकी लाज त्या घरात कुणालाच वाटत नसेल.

संस्कृती आता सुप्याला एका कंपनीत काम करते. तिने बिननंबराचा चष्मा घेतलाय. सुट्टीला येताना तिसगावच्या अलीकडे बसमध्येच तो डोळ्यांवर चढवते आणि परतीच्या बसमध्ये बसेपर्यंत काढत नाही. मला फार खाज सुटते, पण आईसमोर ती खांद्याला हात लावत नाही. चांगुणाबाई गाजरं किसून ठेवतात, समोर बसून खायला लावतात. तीही गुपचूप खाते.

माझं मागणं थोडं आहे. तिसगावला कधी गेलात आणि चांगुणाबाई भेटल्या, तर त्या तुम्हाला लेकीच्या डोळ्यांवर औषध विचारतील. सगळ्यांनाच विचारतात. तुम्ही एखादं सांगा.