निधनाचा रकाना

कचेरीतून निवृत्त झाल्यापासून नंदकिशोर रोज सकाळी चहाच्या आधी यवतमाळच्या आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर दिनविशेष टाकायचे. जन्म, निधन, घटना, सगळे रकाने स्वतः जुळवलेले. एक जुलै म्हटला की वसंतराव नाईकांची जयंती, कृषी दिन, बासरीवाले हरिप्रसाद चौरसिया. वाचत कोणीच नसे.

दोन वर्षांपूर्वी, एक जुलैलाच, शेजारच्या अवधूतला लहर आली. त्यानं काकांचाच मजकूर उचलून निधनाच्या रकान्यात भर घातली : 'आज पहाटे, दिनविशेषकार नंदकिशोर, झोपेतच.' आणि दिला सोडून.

नंदकिशोरांना गंमत वाटली. आपल्याला कोणी वाचतं तरी! फाटकाशी जमलेल्या शेजाऱ्यांत ते खो खो हसले, अवधूतच्या पाठीवर थाप मारली. "लेका, माह्यासारखंच लिहिलं तू!"

तोवर तो मजकूर बोरी अरबला पोचला होता. त्यांची बायको रत्नप्रभा तिथं बहिणीकडे गेली होती. भाच्यानं फोनवरून वाचून दाखवलं, आणि पुढचं काही न ऐकता ती मिळेल त्या एसटीत बसली. कॉलनीत ऑटोतून उतरली तर नवरा फाटकात हसत उभा.

"अवो, तू कशी काय आली?" ते म्हणाले.

तिनं फाटक धरलं, हळूच खाली बसली, आणि तिथंच संपली.

पुढच्या एक जुलैला ग्रुपवर नवी नोंद आली : 'निधन : रत्नप्रभा. शेजारच्या अवधूतच्या थट्टेनं.'

अवधूतची आई भागीरथाबाई धावत आली. "भाऊजी, पोट्ट्यानं गंमत केली होती. कायले त्याच्या मांगं लागले?"

"मी काय खोटं लिहिलं?"

"तुमीबी तं हासले होते त्या दिवशी. साऱ्यायनं पाह्यलं."

नंदकिशोरांनी दार लावून घेतलं.

यंदा महागावच्या मुलीशी अवधूतचं जमलं. नंदकिशोरांनी खटपट करून तिच्या वडिलांचा नंबर मिळवला आणि एक जुलैचा दिनविशेष त्यांनाही पाठवला. दुपारपर्यंत सोयरीक मोडली.

संध्याकाळी अवधूत त्यांच्या ओट्यावर आला, पायाशी बसला. दोन वर्षांत पोरगा अर्धा झाला होता.

"काका, मले मारा. पण हे थांबवा आता."

नंदकिशोर त्याच्याकडे बघत राहिले. त्याचं रडणं त्यांना गोड लागत होतं, आणि ते त्यांना कळतही होतं.

"घरी जाय," ते म्हणाले. "मले उद्याचं लिहाचं हाये."