नाहिदच्या मशीनमधला जिन्न

आमच्या दमनहूर गावच्या बाजारात, हजला जाऊन आलेल्या हाज शिहातांच्या टायपिंगच्या दुकानासमोर ही गर्दी! कोपरं मारत मी आत घुसलो आणि हादरलोच. हाजची मुलगी नाहिद खुर्चीला बांधलेली. ओठ फुटलेला, तळपाय सुजून रक्ताळलेले. समोर वेताची छडी घेऊन जिन्न उतरवणारा शेख बरहामी.

आमच्याकडे दुकान उघडलं की आधी कुराणपठण लावतात, मग गिऱ्हाईक. दोन आठवडे नाहिदनं कम्प्युटरवर पठण लावलं, की पडदा निळा व्हायचा आणि मशीन बंद. पुन्हा चालू केलं की दिवसभर टायपिंग बिनतक्रार. शेखनं निदान केलं, पोरीच्या बोटांतून मशीनमध्ये जिन्न शिरलाय, त्याला पवित्र शब्द सोसत नाहीत. तांबडा जिन्न, समुद्रापलीकडचा, अजून बिनलग्नाचा! पत्ता तेवढा सांगायचा राहिला होता.

शेखनं सर्वांसमोर पठण लावायला घेतलं. नाहिद कळवळून म्हणाली, "आवाज लावू नका. आवाजानंच बंद पडतंय."

"ऐकलंत? जिन्न बोलतोय," शेख म्हणाला, आणि तिच्या तळपायांवर सपासप छडी ओढली. तेवढ्यात पडदा निळा झाला. गर्दीनं अल्लाचा गजर केला. बाप भिंतीकडे तोंड करून रडत होता.

त्या मशीनमध्ये नवं साउंड कार्ड मीच बसवलं होतं, दोन आठवड्यांपूर्वी. कार्ड आणि मशीनमधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. तो मी एकाच कॉपी केलेल्या सीडीवरून बाजारभर टाकत सुटलो होतो. कार्ड एका कंपनीचं, ड्रायव्हर भलत्याच कंपनीचा. आवाज लावला की दोघांचं फाटायचं.

छडी पुन्हा उठली तेव्हा मी हात मध्ये घातला. मनगटात काहीतरी कडकन मोडलं. शेखला ढकलून मी डाव्या हातानं मशीन चालू केलं आणि फुटबॉलचं समालोचन लावलं. पडदा निळा.

"काय हो शेखसाहेब, जिन्नाला फुटबॉलही सोसत नाही?"

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मी जुना ड्रायव्हर काढला, कार्डाच्या खोक्यातल्या सीडीवरून त्याचा स्वतःचा टाकला आणि पठण लावलं. ते शेवटपर्यंत स्वच्छ वाजलं. मग सर्वांसमोर मी कबूल केलं, बिघाड माझा आहे.

गर्दी शेखवर तुटून पडली. त्याचा फेटा उडाला, नाक फुटलं. हाज शिहातांनी तीच छडी उचलली आणि त्याला गुरासारखं बडवायला लागले. मघाशी गजर करणारेच आता "आणखी हाणा" म्हणत होते.

"बाबा, पुरे," नाहिद म्हणाली. "आधी माझे हात सोडा."

तिला सोडायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्याही.

मनगट अजून दुखतं, दुखू दे. चूक मी केली, मार तिनं खाल्ला, आणि खरं कारण ती फटके खातानाही सांगत होती. बाबांनो, माणूस काही सांगत असेल तर त्याच्या तोंडी जिन्न घालू नका. तो म्हणतो ते आधी तपासून बघा.