वहिनीची डावी भुवई

अल्बम निघाला, आणि त्यातल्या शेवटच्या गाण्याचा शेवटचा ठोका त्यात नाही. पण हे अजून झालेलं नाही. कुणी विचारलंच, तर आपल्याला काही माहीत नाही.

आत्ता तळघरातल्या स्टुडिओत नणंद ड्रम लावून बसली आहे आणि वहिनी आरशासमोर तोंड पांढरं करते आहे. बँडमध्ये या दोघीच. एक पियानो, एक ड्रम, आणि अशी गाणी, की ज्यांत मेलेला विदूषक स्वतःच्याच अंत्ययात्रेची तिकिटं विकतो किंवा झुंबर छतावरून उतरून नाचायला जोडीदार मागतं. घटस्फोटाच्या वाटणीत दादाकडे फ्रीज गेला आणि नणंदेकडे वहिनी आली. तेव्हापासून वहिनी तिला ‘वन्सं’ म्हणते. संसार होता तोवर एकदाही म्हणाली नव्हती.

“इथे कोण बघणार आहे तोंड?” रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं.

“ड्रम,” वहिनी म्हणाली आणि काळ्या पेन्सिलीने डावी भुवई पार कपाळावर नेली.

खोटं नव्हतं. नणंदेला मात्रा मोजणं कधी जमलंच नाही. भुवई वर गेली की काठी वर, भुवई खाली आली की ठोका. आजवरचे सगळे कार्यक्रम त्या एका भुवईवर निभावले होते. पण हे शेवटचं गाणं फार हळू होतं, ड्रमचा आवाज पियानोच्या माइकात शिरत होता, म्हणून रेकॉर्डिंगवाल्याने ड्रम उचलून शेजारच्या खोलीत नेला. भिंतींना जाड रजया टांगलेल्या. मध्ये खिडकीसुद्धा नाही.

नणंदेने वाजवलं. कधी आधी, कधी नंतर.

“वन्सं,” हेडफोनमधून आवाज आला, “तुमचं कुठलं गाणं चाललंय?”

“भिंतीला भुवई नाहीये, वहिनी.”

तेही खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. हे गाणं झालं की अल्बम संपणार होता, आणि अल्बम संपला की वहिनी जहाजावर पियानो वाजवायच्या नोकरीला जाणार होती. बॅग भरून बाहेर ठेवली होती. ‘छानच झालं की’ असं नणंद सगळ्यांना सांगत सुटली होती, कुणी विचारलं नाही तरी.

“बरं, मी सांगते,” वहिनी म्हणाली आणि गाता गाता मध्येच पुटपुटू लागली. “वर. खाली. वर.”

हळूहळू रजया श्वास घेऊ लागल्या. भिंतीतून ती काळी भुवई आत आली आणि एखाद्या सावकाश पाखरासारखी ड्रमवर तरंगत राहिली. नणंद तिच्याकडे बघत वाजवत गेली. जमीन किंचित डोलत होती. आता एकच ठोका उरला.

“वर,” वहिनी म्हणाली.

काठी वर गेली. पियानोचा सूर विरत विरत पार लांब निघून गेला.

“वहिनी, खाली म्हण ना.”

“म्हटलं की संपलं.”

“मग?”

“मग राहू दे वरच.”

“मी बंद करू का?” रेकॉर्डिंगवाल्याने विचारलं. कुणी हो म्हणेना, म्हणून तो चहाला गेला.

वहिनीने तोंड न धुताच बॅग उचलली. भुवई कपाळावर होती तिथेच होती.

“बंदरावर लोक बघतील,” नणंद दारात येऊन म्हणाली.

“बघेनात का. तुम्ही तेवढा हात सांभाळा, वन्सं.”

नणंद काठी वर धरूनच घरी निघाली. वाटेत तीन टॅक्स्या थांबल्या. तिसरीत ती बसली. हात खिडकीबाहेर ठेवावा लागला.

घरी तिने डाव्या हाताने लिहिलं:

‘मा. कप्तान यांस. आपल्या जहाजावरील पियानोवादक महिलेची डावी भुवई अर्जदाराच्या कामापुरती वर ठेवलेली आहे. तरी प्रवासात वादळ, हसू, झोप किंवा अन्य कोणत्याही कारणाने ती खाली येणार नाही, अशी तजवीज व्हावी. नाइलाजाने आल्यास जहाज तत्काळ वळवून सदर भुवई अर्जदारासमोर हजर करण्यात यावी, ही नम्र विनंती. अर्जदाराचा हात वरच आहे.’