वीतभर कमी पडलेली नळी

मित्रांनो, ओझीतबाईंच्या तळघराच्या अकरा पायऱ्या उतरून आलात, की भिंतीच्या पायथ्याशी नारिंगी प्लॅस्टिकचे झबले घातलेली, करंगळीएवढी जाड एक नळी दिसेल. ती मी. अंगाने तांब्याची, वयाने तेवीस वर्षांची. कोपऱ्यातल्या टाकीतले तेल भट्टीपर्यंत नेणे हे माझे काम. तेल मी नेते, घर उबदार होते, आणि नाव होते भट्टीचे! असू दे.

माझा जन्म आगीतला. मी वितळले, ओतली गेले, साच्यातून ओढली गेले आणि वेटोळे होऊन दुकानाच्या खुंटीला लागले. तिथे माझी धूळ खाण्याची तयारी चालली होती. एके दिवशी नळ्या आणि भट्ट्या बसवणारे एल्फेजकाका आले, आणि मी त्यांच्या खांद्यावर बसून नोव्हा स्कोशाच्या किनाऱ्यावरच्या या लाकडी घरात आले.

घरात ओझीतबाई एकट्या. सिमेऑन, त्यांचे यजमान, जाऊन सहा वर्षे झाली होती. मी येईपर्यंत भट्टीत लाकडे जळत. आदल्याच हिवाळ्यात लाकडांचा भारा घेऊन उतरताना बाई पायरीवरून घसरल्या, मनगट मोडले. शहरातला मुलगा नॉर्मां हट्टाला पेटला. म्हणाला, "तेलाची भट्टी बसव. पण सर्व संतांच्या सणाला मी येईन तेव्हा घर गरम नसेल, तर तुला उचलून घेऊन जाईन."

मी आले तो सणाचा आदला दिवस होता. भट्टी बसली होती, टाकी भरली होती. मधली वाट तेवढी माझी होती.

वाटेत बटाट्यांची पेटी होती. सिमेऑननी पन्नास वर्षांपूर्वी भिंतीला ठोकलेली, काठोकाठ भरलेली. काकांनी पेटीला वळसा घालून सुतळीने माप घेतले आणि मला कापले.

"जरा जास्त घे की," पायरीवर बसून ओझीतबाई म्हणाल्या.

"चाळीस वर्षं नळ्या टाकतोय, ओझीत. तुझ्या बटाट्यांच्या रापूरमध्ये मीठ किती, हे मी सांगतो का तुला?"

"सांगतोस. दर वेळी सांगतोस."

माझे एक टोक टाकीला जोडले गेले. मग काकांनी दुसरे टोक फुलवले. काय सांगू, कमळासारखे गोल, कुठे चीर नाही! तांब्याचे असे फुललेले तोंड नटाने आवळले की तेलाचा थेंब बाहेर येत नाही. काका स्वतःवरच खूश झाले. आणि नट?

नट बाकावर होता. तो आधी नळीवर चढवायचा असतो, मित्रांनो. फुललेल्या तोंडावरून तो कसा जाणार?

ओझीतबाई पोट धरून हसल्या. "चाळीस वर्षं म्हणे!"

काकांचे कान लाल झाले. त्यांनी फूल कापून टाकले, नट चढवला, आणि त्या रागातच मला भट्टीच्या बर्नरजवळ हाताने वाकवले. सावकाश वाकवायची मी. मला मुरड पडली. चिमटलेल्या घशातून तेल कसे उतरणार? पुन्हा कापावे लागले. आता मी वीतभर कमी पडले.

दुकान वीस मैलांवर, ते आता सण उलटेपर्यंत बंद. आणि उद्या दुपारी नॉर्मां येणार.

"तुकडा जोड ना मधे," ओझीतबाई हळूच म्हणाल्या. त्यांच्या आवाजातले हसू आटले होते.

"तुकडा आहे माझ्याकडे. पण जोड पेटीमागे जाईल. नजरेआड झिरपला तर कळायचं कुणाला? तू वर झोपणार. नाही जमायचं."

"मग?"

"पेटी काढली तर भिंतीलगत सरळ जाता येईल. उलट हातभर नळी उरेल."

"सिमेऑनची पेटी? हात लावून बघ!"

काका हत्यारे पुसत बसले. ओझीतबाई उठल्या, पेटीच्या फळीवरून तळवा फिरवला. मग त्यांनी एप्रनचा ओचा पसरला आणि एकेक बटाटा त्यात घालू लागल्या.

"बघत काय बसलास? पहार आण. बटाटे कुठंही राहतील. मला इथं राहायचंय."

तिन्हीसांजेपर्यंत बटाटे साऱ्या तळघरभर पसरले आणि मी भिंतीलगत सरळ धावले, बर्नरपाशी एक ऐसपैस वेढाही घेतला. काकांनी बर्नरच्या पंपाचा स्क्रू सैल केला. माझ्या पोटातली हवा फसफसत निघाली. आधी फेस, मग नितळ तेल. स्क्रू आवळला, बटण दाबले. धप्प! भट्टीच्या काचेआड पिवळा उजेड हलला.

दुसऱ्या दिवशी नॉर्मां आला तो आईचे सामान भरायला सहा रिकामी खोकी घेऊनच. दारात कोट काढला, मग स्वेटर काढला. किसलेल्या बटाट्यांच्या रापूरचा वास घरभर होता. खाली येऊन त्याने भट्टीला हात लावला, माझ्यावरून बोट फिरवून तेल झिरपतेय का ते हुंगून पाहिले. मग पसरलेले बटाटे पाहिले.

"आई, हे काय गं?"

"त्यांना घर नाही राहिलं," ओझीतबाई वरून म्हणाल्या. "तुझी खोकी रिकामीच आहेत ना?"

ती सहाही खोकी आजवर इथेच आहेत, बटाट्यांनी भरलेली.

त्यानंतर माझे दिवस सुखाचे गेले. दरवर्षी सणाआधी काका मला तपासायला येत; मधे चार वर्षे गुडघेदुखीमुळे आले नाहीत, तेव्हा कुणी ढुंकून पाहिले नाही. नातवंडांनी माझ्यावर ओले हातमोजे वाळत घातले, मी खाली ओघळले, जोडावर हिरवट डाग आला. आता काका पुन्हा येतात, काठी टेकत. फिल्टर बदलतात, नट आवळतात.

मित्रांनो, तुमच्याही घरात भिंतीआड, ओट्याखाली एखादी नळी मुकाट राबत असेल. तिच्यावर काही टांगू नका. वर्षातून एकदा तिच्या जोडावरून बोट फिरवा आणि हुंगून पाहा. तेवढेच पुरते.

उद्या पुन्हा सर्व संतांचा सण. काका आत्ताच पायऱ्या उतरले आहेत, आणि वरून दरवर्षीचा आवाज आलाच:

"एल्फेज, नट घातलास का रे आधी?"