बेलपानावरची रेघ

माझा साखरपुडा आमच्या कळंबच्या घरी होता. पेढे अप्पांनी भूमहून आणले होते, बेलपानाचा छाप मारलेले. नवरदेव नंदीशच्या गंगम्मा आत्यांनी एक उचलला, चष्मा सारखा केला आणि परत ताटात ठेवला.

"तडा गेलाय."

खरंच, प्रत्येक पेढ्यावर पानाच्या मधून एक तिरपी रेघ होती.

"आजच्या दिवशी असला शकुन? आमी उठतो," आत्या म्हणाल्या. नंदीशच्या घरात त्यांचाच शब्द शेवटचा. नंदीश तर मला आवडला होता. म्हणून नवरीनं गप्प बसायचं असतं हे मी विसरले.

"आत्या, पेढा नाही, लाकडी साचा तडकलाय. म्हणून रेघ सगळीकडं एकाच जागी आहे. हे बघा, खालच्या थरातले पेढे आधीचे, त्यांच्यावर रेघ आखूड. वरचे नंतरचे, त्यांच्यावर लांब."

"म्हंजे तडा वाढत चाललाय की!"

अप्पांनी कपाळाला हात लावला.

"बोट फिरवून बघा ना. पेढ्याला भेग असती तर खोल लागली असती. ही रेघ उंच आहे. साच्याच्या भेगेत खवा शिरला, तोच वर उठलाय. नंदीश, तो तुमच्या हातातला पेढा द्या जरा."

नंदीशनं घाबरून पुरावा तोंडात टाकला होता.

मग मी पर्समधून माझं दोन रुपयांचं नाणं काढलं. सिंहांच्या डोक्यावरून काठापर्यंत बारीक, उंच रेघ. टांकसाळीतला पोलादी ठसा तडकला की दाबाखाली धातू त्या भेगेत शिरतो. असं नाणं मिळावं म्हणून मी कॉलेजभर सुट्टे पैसे चाळले होते.

"यावरपण तीच रेघ. हे फुटलंय का?"

आत्यांचं येडशीला भांड्यांचं दुकान. त्यांनी नाणं सरळ फरशीवर टाकलं. खण्ण!

"न्हाय. फुटकं असतं तर बद्द वाजलं असतं."

मग त्यांनी पेढा उचलला. आता हाही आपटतात की काय! पण त्यांनी नखानं रेघ चाचपली, अर्धा पेढा खाल्ला.

"व्हय, उंचच हाय. म्हंजे भेगंतला खवाबी आमालाच मिळाला. पोरगी लई बोलती, पर बरोबर बोलती."

आणि नाणं पदराच्या टोकाला बांधलं. "ह्ये शकुनाचं."

मी तोंड उघडलं. नंदीशनं भरल्या तोंडानंच मान हलवली: नको.

लग्नाची तारीख जवळचीच धरा, असा हट्ट मी त्याच बैठकीत धरला. पोरीला सासरची ओढ लागली म्हणून सगळे हसले. मी आत्यांच्या पदराकडं बघत होते.